धुतलेला निळा

दुकान उघडलं की आधी काचेवरचं मीठ पुसावं लागतं.
सिरोको सुटला की बंदरातलं निम्मं पाणी
व्हालेटाच्या या उतारावर येऊन वाळतं.

काचेआड विमानं, एकास बहात्तर मापाची,
जस्ताची, तळहातात मावणारी, हाताला थंड.
फुंकर घातली तर पंखा फिरतो.
खोक्यावर वैमानिकाचा हसरा फोटो, हुद्दा, पाडलेली किती,
आणि क्रमांक : दोन हजारांतलं चारशे सातवं.
खोकं उघडलंत तर किंमत निम्म्यावर येते,
हे मी आधीच सांगून ठेवते. मागाहून कटकट नको.

गिऱ्हाइकं येतात लीड्सहून, ब्रेमेनहून, एकदा ओसाकाहून.
पन्नाशीपुढची, सभ्य माणसं.
चष्मा कपाळावर ढकलून विमान नाकाशी धरतात,
खरबूज पारखावं तसं,
आणि विचारतात : हा निळा बरोबर आहे का?

कारण बेचाळीस साली ही विमानं जहाजावर चढली
ती वाळवंटाच्या रंगात.
समुद्रावर उठून दिसतील म्हणून वाटेतच कुणीतरी
हाताला लागेल तो निळा फासला.
कुठल्या डब्यातला, याचा धड कागद नाही.
फोटो काळेपांढरे.
या एका रंगावरून दोन सख्ख्या भावांनी
माझ्या दुकानात अबोला धरलेला मी पाहिला आहे.

मी बोट दाखवते : त्यांना विचारा.
कोपऱ्यात वेताच्या खुर्चीत बाबा, स्पीरू,
वय चौऱ्याण्णव, मांडीवर अंजिरांची पिशवी.
तेव्हा बारा वर्षांचे. हल-फारच्या धावपट्टीवर
खड्डे बुजवायचे : आधी दगड, मग माती,
मग पुन्हा भोंगा.

बाबा लीड्सवाल्याला म्हणतात, तुमच्या टायसारखा.
ब्रेमेनवाल्याला, होडीच्या डोळ्याभोवती असतो ना, तसा.
माणसं वहीत लिहून घेतात.

खरं ते एकदाच बोलले, दिवे गेले होते त्या रात्री.

हार्लन ट्वीडी नावाचा पोरगा, सॅस्कॅचेवानचा.
गव्हाशिवाय काही पाहिलं नव्हतं त्यानं,
समुद्र बघून म्हणाला, एवढं पडीक रान?
ओल्या रंगाला टेकला असणार जहाजावर,
शर्टाच्या कोपरावर निळा डाग, बशीएवढा.
शर्ट आजीकडे धुवायला दिला.
साबण बेटावर उरला नव्हता.
आजीनं राखेनं घासला, दगडावर आपटला, पुन्हा घासला.
डाग फिका झाला, गेला नाही.
शुक्रवारी नेतो म्हणाला होता.

आजीनं शुक्रवार गेल्यावर आणखी तीन रविवार वाट पाहिली
आणि मग कात्री घेतली.
दोन हिवाळे बाबांनी तो शर्ट घातला.
मग त्याचं फडकं झालं. मग फडकंही गेलं.

"त्यांना काय सांगू?" बाबा म्हणाले,
"मला ठाऊक आहे तो धुतलेला निळा."

ट्वीडीचं विमान कुठल्याच कंपनीनं काढलेलं नाही.
पाडलेली : शून्य.
शून्यासाठी साचा कोण बनवेल?

गेल्या मार्चमध्ये पहाटे नळाचा आवाज आला.
बाबा मोरीपाशी, बाह्या वर सारलेल्या,
चारशे सातव्याचं खोकं फाडून
भांड्यांच्या चोथ्यानं पंख घासत होते.
"पक्का आहे," म्हणाले. चिडून म्हणाले.
मी काही बोलले नाही, फक्त नळ बंद केला.
पाणी महाग आहे आमच्याकडे.

ते विमान आता गल्ल्याशेजारी, उघड्यावर.
खोकं नाही, उजव्या पंखावर चरे, किंमत निम्मी.
येणारे उचलतात, चरे पाहून खाली ठेवतात.

सिरोको आला की त्याच्यावरही मीठ धरतं.
ते मात्र मी लगेच पुसत नाही.
दुपारी चारच्या सुमाराला दारातून ऊन तिरपं येतं,
बाबा हात पुढे करून चष्मा मागतात,
आणि तेवढ्यात नेमकं कुणीतरी गिऱ्हाईक
उजेडात उभं राहतं.